दीर्घकालीन वेदना आणि वर्तनपालटाचे स्थैर्य : फोर्डाइसप्रणीत उपचारपद्धतीची मीमांसा

वेदनेचा विचार दीर्घकाळपर्यंत दोन शास्त्रांनी आपसात वाटून घेतला होता. शरीरात कारण सापडले की वेदना वैद्याची, न सापडले की मानसोपचारज्ञाची, अशी ही वाटणी होती. आणि ज्याला दुखत असे तो मनुष्य ह्या दोन दारांमध्ये येरझारा घालीत असे. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुनर्वसन-वैद्यक विभागातील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९६८ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या निबंधात, आणि पुढे १९७६ च्या ‘बिहेव्हियरल मेथड्स फॉर क्रॉनिक पेन अँड इलनेस’ ह्या ग्रंथात, ही वाटणीच अमान्य केली. वेदना कोठे आहे हा प्रश्न त्यांनी बाजूस ठेवला, आणि वेदना असलेला मनुष्य काय करतो व त्याच्या करण्यापाठोपाठ काय घडते, हा प्रश्न पुढे आणला. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस आज दीर्घकालीन वेदना म्हणतात. तिच्यावरील मानसशास्त्रीय उपचारांचा जो विस्तार गेल्या अर्धशतकात झाला, त्याचा उगम पुष्कळ अंशी ह्या एका प्रश्नात आहे.

उपचारगृहात शिकलेले वर्तन घरी टिकते काय, आणि न टिकल्यास ते अपयश कोणाचे, हा ह्या सर्व विस्तारातील अवघड मुद्दा होय. रुग्ण चार-सहा आठवडे उपचार घेतो, चालू लागतो, औषधे कमी करतो आणि घरी परततो. काही महिन्यांनी तो पुन्हा अंथरुणास खिळतो. अशा रुग्णाविषयी ‘त्याची इच्छाशक्तीच कमी पडली’ असा निर्णय देणे सोपे असते, आणि तो निर्णय पुष्कळदा दिलाही जातो. फोर्डाइस यांच्या मूळ सिद्धांतात ह्या निर्णयाला मुळीच जागा नव्हती. असे असूनही तो त्यांच्याच परंपरेत हळूहळू कसा शिरला, हे पाहण्यासारखे आहे.

फोर्डाइस यांची भूमिका बी. एफ. स्किनर यांच्या साधक अभिसंधानाच्या उपपत्तीवर उभी आहे. शरीरास इजा होताच हात मागे घेणे किंवा ओरडणे हा प्रतिसाद उद्दीपकाने घडवून आणलेला असतो. परंतु कण्हणे, लंगडत चालणे, कमरेवर हात ठेवून उभे राहणे, औषध मागणे, दिवसाचा बहुतेक वेळ पडून काढणे ही वर्तने महिनोन्‌महिने चालू राहिली म्हणजे ती हळूहळू आपल्या परिणामांच्या अंकित होऊ लागतात. मूळची इजा भरून आल्यावरही ती टिकू शकतात, कारण त्यांना आता दुसरे पोषण मिळू लागलेले असते. हे पोषण तीन मार्गांनी मिळते असे फोर्डाइस सांगतात. पहिला मार्ग प्रत्यक्ष प्रबलनाचा : कण्हले की कोणी तरी जवळ येऊन बसते, औषध मिळते, विश्रांती मिळते. दुसरा मार्ग टाळणुकीचा : दुखण्यामुळे एखादे नकोसे काम, नकोशी भेट, नकोसा प्रसंग चुकतो. तिसरा मार्ग उपेक्षेचा : मनुष्य धडपणे वागू लागला, कामाला लागला, की त्याकडे कोणी लक्षच देत नाही, किंबहुना त्याला तसे वागण्यापासून परावृत्तही केले जाते. ह्या तिसऱ्या मार्गाकडे ग्रंथाच्या वाचकांनी सर्वांत कमी लक्ष दिले आहे, आणि स्थैर्याच्या प्रश्नात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. वेदनावर्तन परिणामांच्या आधीन असते असे म्हणणे म्हणजे रुग्ण ढोंग करतो असे म्हणणे नव्हे. अभिसंधान घडण्यासाठी हेतूची किंवा जाणिवेचीही आवश्यकता नसते, हे फोर्डाइस आवर्जून बजावतात. मराठी वाचकाला ही सूचना विशेष लक्षात ठेवावी लागेल, कारण भाषेतच ‘दुखण्याचे सोंग’, ‘दुखण्याचे निमित्त’ असे शब्दप्रयोग हाताशी तयार आहेत आणि त्यांतून नैतिक निवाडा आपोआप होऊन जातो. उलटपक्षी, हीच भाषा एका बाबतीत फोर्डाइस यांच्या सिद्धांताला फार जवळची आहे. मराठीत ‘दुखणे’ म्हणजे वेदनाही आणि आजारपणही. ‘दुखणे काढणे’ ह्या प्रयोगात तर दुखणे सोसणारा आणि त्याची शुश्रूषा करणारा हे दोघेही सामावले जातात. आजारी मनुष्य दुखणे काढतो आणि त्याची सेवा करणारी सूनही दुखणे काढते. वेदना ही एकाची खाजगी संवेदना नसून घरात घडणारा व्यवहार आहे, हे सिअ‍ॅटलच्या मानसशास्त्रज्ञाला जे सिद्धांत म्हणून मांडावे लागले, ते ह्या क्रियापदात पूर्वीपासूनच गृहीत आहे.

ग्रंथातील उपचारपद्धतीचा भाग आजही वाचनीय आहे, आणि त्याचे कारण त्यातील तपशीलवारपणा होय. औषधाचेच उदाहरण घ्यावे. त्या काळची रूढ पद्धत ‘दुखेल तेव्हा घ्या’ अशी होती. फोर्डाइस यांच्या मते ह्या पद्धतीत औषध मिळण्याची अट म्हणून रुग्णाला दुखावेच लागते. म्हणजे औषध हे वेदनेवरील उपाय न राहता वेदनावर्तनाचे बक्षीस बनते. म्हणून त्यांनी औषधाचा संबंध वेदनेशी तोडून घड्याळाशी जोडला. प्रथम काही दिवस रुग्ण मागेल तेवढे औषध देऊन त्याची नोंद ठेवावयाची. मग तितकीच मात्रा, रंग व चव झाकणाऱ्या सरबतात मिसळून, ठराविक तासांनी द्यावयाची, दुखत असो वा नसो. आणि मग त्या सरबतातील औषधाचे प्रमाण आठवड्यांच्या अवधीत क्रमाने उतरवीत न्यावयाचे.

व्यायामाच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. ‘दुखेपर्यंत करा आणि मग थांबा’ हा सर्वसामान्य उपदेश फोर्डाइस यांना घातक वाटतो, कारण त्यात विश्रांतीचे सुख वेदनेच्या पाठोपाठ येते, आणि जे ज्याच्या पाठोपाठ येते ते त्यालाच बळकट करते. त्याऐवजी ते रोजचा नेम ठरवून देतात. समजा, एखादा रुग्ण पहिल्या काही दिवसांच्या चाचणीत दुखू लागेपर्यंत सरासरी दहा फेऱ्या चालला. तर त्याचा नेम सात किंवा आठ फेऱ्यांपासून सुरू होईल, आणि पूर्वनियोजित क्रमाने वाढत जाईल. नेम पुरा झाला की विश्रांती, नेम पुरा झाला की शाबासकी. अधिक चालवत असले तरी त्या दिवशी अधिक चालावयाचे नाही. ह्या शेवटच्या निर्बंधाचे मर्म ज्याने दीर्घकाळ दुखणे सोसले आहे त्यालाच पुरते कळेल. बरे वाटलेल्या दिवशी साचलेली सारी कामे उरकून टाकावयाची आणि पुढचे तीन दिवस पडून राहावयाचे, हे चक्र अशा रुग्णांच्या आयुष्यात नित्य दिसते. नेमाची कल्पना ते नेमके तेथेच तोडते. आज ‘कामाची गती आखून घेणे’ म्हणून जे शिकविले जाते, त्याचे हे सर्वांत नेटके रूप आहे.

एवढ्यावर थांबले तर फोर्डाइस यांची पद्धत निर्दोष वाटेल. पण हा सर्व व्यवहार रुग्णालयाच्या कक्षात चाललेला आहे. तेथे परिचारिकेपासून व्यायामोपचारकापर्यंत प्रत्येकाला काय पाहून न पाहिल्यासारखे करावयाचे आणि कशाचे कौतुक करावयाचे हे शिकविलेले आहे. रुग्ण बदलला, ह्यापेक्षा रुग्णाभोवतीचे जग काही आठवड्यांपुरते बदलले असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. मग तो जुन्या जगात परतल्यावर जुने वर्तन परत येईल, हे भाकित तर ह्याच सिद्धांतातून निघते. फोर्डाइस यांना हे दिसत नव्हते असे नाही. उपचारात पतीला किंवा पत्नीला सहभागी करून घेणे त्यांनी आवश्यक मानले, घरच्या माणसांना वेदनावर्तनाकडे तटस्थपणे आणि धडधाकट वर्तनाकडे आस्थेने पाहावयास शिकविले, आणि स्थैर्यासाठी नवे वर्तन घरच्या स्वाभाविक प्रबलनांच्या हाती सोपविले पाहिजे असे लिहिले. परंतु ग्रंथात ह्या सोपविण्याचे विवेचन कक्षातील पद्धतीच्या मानाने तोकडे आहे. कक्षातील सरबताची कृती वाचकाला बिनचूक कळते. घरी स्वाभाविक प्रबलने मुळातच नसतील तर काय करावयाचे, हे तितके कळत नाही.

पुराव्याच्या बाजूनेही हीच उणीव जाणवते. १९७३ मध्ये फोर्डाइस व सहकाऱ्यांनी ३६ रुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केले. हालचाल वाढली, औषधे घटली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि घरी गेल्यानंतरची माहिती रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यावर अवलंबून होती. ज्या पद्धतीने रुग्णाच्या शब्दांना पुराव्याचा दर्जा नाकारून केवळ दिसणारे वर्तन मोजावयाचे ठरविले, तिने शेवटच्या व सर्वांत निर्णायक टप्प्यावर शब्दांवरच विसंबावे, हे विपरीत आहे. १९८० मध्ये रॉबर्ट्स आणि राइनहार्ट यांनी तुलनागट घेऊन उपचारित रुग्णांचा एक ते आठ वर्षांनंतर शोध घेतला. उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक चांगले जीवन जगत होते. उपचारकांनी न स्वीकारलेल्या किंवा स्वतः उपचार नाकारलेल्या लोकांत असे जवळजवळ कोणी नव्हते. हे निष्कर्ष उपचाराच्या यशाचे प्रमाण म्हणून उद्धृत केले जातात. पण त्यांचे दुसरेही वाचन संभवते. उपचारास घेतलेले आणि न घेतलेले हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. आणि ज्या पद्धतीत जोडीदाराच्या सहकार्याला इतके महत्त्व होते, तिच्यात प्रवेश मिळणे म्हणजेच, पुष्कळ अंशी, घरी नवे वर्तन पेलू शकणारे कोणी तरी असणे. मग टिकले ते उपचारामुळे की घरामुळे? हा प्रश्न ह्या आकड्यांनी सुटत नाही. तो त्यांच्यामुळे अधिक ठळक होतो इतकेच.

उपेक्षेचा जो तिसरा मार्ग वर सांगितला, तो येथे पुन्हा विचारात घेतला पाहिजे. एखाद्या गृहिणीला पाठदुखीच्या निमित्तानेच दुपारी आडवे होण्याची मुभा असेल, आणि दुखत नसलेल्या दिवशी तिच्या वाट्याला पहाटेपासून रात्रीपर्यंत काम आणि त्याबद्दल कोणाचा शब्दही नसेल, तर तिचे ‘धडधाकट वर्तन’ कशाच्या बळावर टिकावयाचे? तिला नेम शिकविता येईल. आठ फेऱ्यांनंतरची विश्रांतीही शिकविता येईल. परंतु विश्रांती दुखण्यावाचून मिळू शकते हे घराने मान्य केल्याखेरीज तो नेम एक आठवडाही चालणार नाही. हाच न्याय रोजंदारीवरील मजुराला लागू आहे. त्याच्या बाबतीत तर अमेरिकन ग्रंथातील गृहीते उलटी होतात. तेथील विवेचनात कामगाराला दुखण्यामुळे मिळणारी भरपाई हे वेदनावर्तनाचे संभाव्य पोषण मानलेले आहे. महाराष्ट्रातील ऊसतोडणी करणाऱ्या किंवा बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या मजुराला दुखण्याने भरपाई मिळत नाही, रोज बुडतो. त्यामुळे तो दुखणे असूनही राबतो, आणि मोडून पडेपर्यंत थांबत नाही. त्याला कमी करावयास शिकविण्याची गरज आहे, आणि कमी करणे हीच गोष्ट त्याला परवडत नाही. सिद्धांत येथे खोटा ठरत नाही. परिणामच वर्तनाला वळण देतात हे त्याचे म्हणणे उलट अधिक कठोरपणे खरे ठरते. खोटी ठरते ती केवळ सिअ‍ॅटलमधील परिणामांची यादी.

पथ्य ह्या जुन्या कल्पनेचा उल्लेख ह्या संदर्भात अप्रस्तुत होणार नाही. आयुर्वेदातून मराठी घरांत रुळलेली ही कल्पना वर्तनपालटाचीच आहे, आणि तीही दीर्घकालीन. पण पथ्य रुग्ण पाळतो असे म्हटले तरी ते शिजते स्वयंपाकघरात. घराने वेगळी भाजी केली नाही तर रुग्णाचा निर्धार ताटाशीच संपतो. आणि अशा वेळी पथ्य मोडल्याचा दोष मात्र जेवणाऱ्याला लागतो. फोर्डाइस यांच्या सिद्धांताचा हा नेमका मथितार्थ आहे, आणि त्यांच्या अनुयायांनी तो नेमका येथेच सोडला.

सिद्धांताची दिशा किती सहज फिरू शकते ह्याचे उदाहरण खुद्द फोर्डाइस यांच्याच उत्तरकालीन कार्यात आहे. वेदनाभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या एका कार्यगटाचा, त्यांनी संपादिलेला, कामाच्या ठिकाणच्या पाठदुखीवरील अहवाल १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशिष्ट शारीरिक कारण न सापडणाऱ्या पाठदुखीला ‘क्रियाकलापांची असहिष्णुता’ असे नाव द्यावे, आणि सहा आठवड्यांनंतरही कामावर परतू न शकणाऱ्यास अपंगत्वाचा लाभ न देता बेरोजगार मानावे, अशी त्यातील सूचना होती. तिच्यावर तीव्र टीका झाली, आणि ती यथार्थ होती. भरपाई काढून घेतल्याने वेदनावर्तनाचे एक पोषण थांबेलही. परंतु धडधाकट वर्तनाला कामाच्या ठिकाणी काय मिळावयाचे, तेथील काम कसे बदलावयाचे, ह्याचा भार त्याच प्रमाणात मालकावर टाकलेला नव्हता. तीन मार्गांपैकी पहिले दोन बंद करून तिसरा तसाच ठेवणे हे १९७६ च्या ग्रंथाशीही सुसंगत नाही. परिणामांचा सिद्धांत दुर्बळाच्याच परिणामांना लावला की तो शास्त्र न राहता काटकसरीचे साधन होतो.

फोर्डाइस यांच्या नंतरच्या पिढीने वेगळी वाट धरली. १९८३ मध्ये टर्क, मायकेनबॉम आणि जेनेस्ट यांच्या ग्रंथाने वेदनेच्या विचारात बोधनाला मध्यवर्ती स्थान दिले. रुग्ण आपल्या वेदनेचा काय अर्थ लावतो, पुढे काय होईल असे त्याला वाटते, आपल्या हातून काय होऊ शकेल ह्याविषयी त्याची काय समजूत आहे, हे प्रश्न पुढे आले. ही भर आवश्यक होती. वाकलो तर मणका निसटेल अशा समजुतीने जो मनुष्य वाकत नाही, त्याचे न वाकणे कोणाच्या सहानुभूतीवर पोसलेले नसते. ते भीतीवर पोसलेले असते. नेदरलंड्‌समध्ये व्लायेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासून ह्या भीतीचा पद्धतशीर अभ्यास केला आणि ज्या हालचालीची भीती वाटते तिच्याशीच रुग्णाला क्रमाक्रमाने सामोरे नेणारी पद्धत विकसित केली. भीतीने टाळलेली गोष्ट कधी अनुभवासच येत नाही, म्हणून ती भीती खोटीही ठरत नाही. हे विवेचन फोर्डाइस यांच्या टाळणुकीच्या मार्गाला पूरक आहे.

पण ह्या बोधनवादी वळणाबरोबर स्थैर्याचे स्थान बदलले. ते घरातून उचलून रुग्णाच्या मनात नेऊन ठेवले गेले. कौशल्ये एकदा आत्मसात झाली की रुग्ण ती आपल्याबरोबर कोठेही नेईल, अशी ह्यामागील अपेक्षा होती. ती पुरी न झाल्यास कारणही मनातच शोधणे क्रमप्राप्त होते. १९९७ मध्ये कर्न्स व सहकाऱ्यांनी रुग्णाची बदलाविषयीची सिद्धता मोजणारी प्रश्नावली तयार केली. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून जी अवस्थांची उपपत्ती बांधली होती, तिचे हे वेदनेच्या क्षेत्रातील उपयोजन होय. विचारपूर्व अवस्था, विचारावस्था, कृती आणि जतन अशा चार अवस्थांत रुग्णाला बसविण्याची ही योजना उपचारकाला एक चांगला विनय शिकविते : जो अजून शारीरिक उपायाचीच वाट पाहत आहे त्याच्यावर व्यायामाचा नेम लादू नये, आधी त्याचे ऐकावे. तिची उपयुक्तता तेवढी मान्य करावी लागेल. तथापि मूळ उदाहरण आणि त्याचे उपयोजन ह्यांतील अंतर मोठे आहे. धूम्रपान सोडणे म्हणजे एक गोष्ट न करणे. ती न केलेली स्थिती स्पष्ट दिसते आणि दिवसांनी मोजता येते. दीर्घकालीन वेदनेत चालणे, झोपेची शिस्त, कामाची विभागणी, औषधांचा संयम, मदत मागणे व न मागणे अशी अनेक वर्तने एकदम चालू ठेवावयाची असतात. त्यांपैकी एकात मनुष्य कृतीच्या अवस्थेत आणि दुसऱ्यात विचारपूर्व अवस्थेत असू शकतो. शिवाय सिगारेट सोडणाऱ्याच्या छातीला काही काळाने बरे वाटते. नेम पाळणाऱ्याची पाठ दुखतच राहण्याचा संभव असतो. ज्या वर्तनाचे फळ इतके अनिश्चित आहे ते चालू ठेवण्याची ‘सिद्धता’ कमी असणे हा मनाचा दोष म्हणावा की परिस्थितीचे अचूक आकलन, हा विचार त्या प्रश्नावलीत नाही. जेन्सन, नील्सन आणि कर्न्स यांनी २००३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात वर्तनाचे महत्त्व किती वाटते आणि ते आपल्याला जमेल असे किती वाटते, ह्या दोन प्रश्नांना केंद्र केले. त्यात परिणामांचा विचार पुन्हा डोकावतो, पण रुग्णाच्या समजुतीच्या रूपाने.

ह्या साऱ्या वादाला अनपेक्षित दिशेने उजेड देणारे कार्य वेदनाचिकित्सालयाबाहेर झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी स्वव्यवस्थापनाचा एक साधा अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यातून एकदा सुमारे दोन तास, असे सहा आठवडे. आणि चालविणारे वैद्य नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक, ज्यांपैकी पुष्कळ स्वतः संधिवाताने ग्रासलेले. लॉरिग यांची अपेक्षा सरळ होती : अभ्यासक्रमाने वर्तन बदलेल आणि वर्तन बदलल्याने वेदना कमी होईल. वर्तन बदलले, वेदनाही कमी झाली. पण ज्यांचे वर्तन अधिक बदलले त्यांचीच वेदना अधिक कमी झाली, असे मात्र आढळेना. १९८९ मधील निबंधात त्यांनी हे मोकळेपणाने मांडले. वेदनेतील सुधारणेशी अधिक जुळणारी गोष्ट होती ती आपल्या दुखण्याविषयी आपण काही तरी करू शकतो ही प्रतीती, जिला आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये शास्त्रीय संकल्पनेचे रूप दिले होते. १९९३ मध्ये चार वर्षांनंतरचे निष्कर्ष आले. सहभागी रुग्णांची वेदना सरासरीने २० टक्के कमी झालेली होती आणि वैद्यांकडे जाणे ४० टक्के घटले होते. त्याच काळात त्यांचे शारीरिक अपंगत्व मात्र ९ टक्के वाढले होते. रोग पुढे सरकला, दुखणे मागे राहिले.

ह्या निष्कर्षांचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘विश्वास ठेवा म्हणजे दुखणार नाही’ असा तो अर्थ नव्हे, आणि तसा लावल्यास इच्छाशक्तीचा जुना निवाडा नव्या नावाने परत येईल. लॉरिग यांच्या वर्गात प्रतीती उपदेशाने आलेली नव्हती. प्रत्येक जण पुढच्या आठवड्यासाठी स्वतःला खरोखर हवी असलेली एक लहानशी कृती सर्वांसमक्ष ठरवीत असे, आणि पुढच्या बैठकीत ती झाली की नाही ते सांगत असे. न झाल्यास सर्व मिळून अडचणीवर मार्ग शोधीत. समोर शिकविणारी स्वतः सुजलेल्या बोटांनी खडू धरणारी कोणी असे. वर्तनवादाच्या भाषेत बोलावयाचे तर, धडधाकट वर्तनाची दखल घेणारे एक छोटेसे जग येथे निर्माण झाले होते, आणि ते रुग्णालयाच्या कक्षात नसून गावातल्या सभागृहात होते. फोर्डाइस यांनी कक्षात जे घडविले आणि टर्क यांनी मनात जे शोधले, ते दोन्ही येथे एकत्र आलेले दिसते. त्यामुळे प्रतीती हे कारण आणि जग हे निमित्त, की जग हे कारण आणि प्रतीती ही त्याची खूण, हा वाद उघडा राहतो. लॉरिग यांचा स्वतःचा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. दुसरा पर्याय पुरेसा तपासला गेलेला नाही.

आजवरच्या एकत्रित पुराव्याने तर नम्रता शिकविली आहे. विल्यम्स, फिशर, हर्न आणि एक्लस्टन यांनी २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेसाठी केलेल्या समालोचनात ७५ चाचण्या आणि उपचाराअखेरचे ९,४०१ रुग्ण विचारात घेतले. बोधनिक-वर्तनवादी उपचारांचा वेदना, अक्षमता आणि मनस्ताप यांवर लाभ होतो, पण तो अल्प किंवा अत्यल्प असतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. शुद्ध वर्तनोपचाराच्या, म्हणजे फोर्डाइसप्रणीत मार्गाच्या, अवघ्या ८ चाचण्या त्यांना विचारात घेता आल्या, आणि तो पुरावा निश्चित निर्णयास अपुरा ठरला. पाच दशकांनंतर मूळ पद्धतीची परीक्षाच पुरती झालेली नाही असे म्हणावे लागते. ह्यातील पाठपुराव्याचा काळही बहुधा सहा महिने ते एक वर्ष एवढाच असतो. चाळीसाव्या वर्षी पाठ धरलेल्या मनुष्याला पुढे तीस वर्षे काढावयाची असतात. त्या मानाने हा अवधी पहिल्या पावसाळ्याइतकाही नाही.

टर्क आणि रूडी यांनी १९९१ मध्येच पुनरावर्तन आणि सातत्य हे ह्या क्षेत्रातील उपेक्षित विषय असल्याचे दाखवून दिले होते. त्यांच्या लेखानंतर निदान एक चांगली प्रथा रूढ झाली : वेदना पुन्हा उसळेल हे रुग्णाला आधीच सांगणे, आणि त्या दिवसांसाठी वेगळा, कमी नेम लेखी ठरवून देणे. ही प्रथा साधी आहे, पण तिच्यामागे खरी अंतर्दृष्टी आहे. दुखणे उसळलेल्या दिवशी दोन फेऱ्यांचा नेम पाळणारा मनुष्य नेम मोडलेला नसतो, आणि ही गोष्ट त्याला व त्याच्या घरच्यांना त्या दिवसापूर्वी ठाऊक असावी लागते. ती त्या दिवशी सांगितल्यास समजूत घातल्यासारखी वाटते.

महाराष्ट्रात ह्या विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्याने परदेशी प्रश्नावल्यांच्या भाषांतरापासून आरंभ करणे स्वाभाविक असले, तरी त्याने कोणत्या गोष्टीची नोंद होत नाही हे आधी पाहावे. रुग्णाची सिद्धता, भीती, प्रतीती ह्यांची मापे उपलब्ध आहेत. परंतु रुग्ण नेमानुसार चालून आल्यावर घरात त्याला कोण काय म्हणते. दुपारी आडवे होण्यासाठी त्याला, किंवा विशेषतः तिला, कारण द्यावे लागते काय. नेमामुळे मागे पडलेले काम कोणाच्या वाट्याला जाते आणि ते उचलणाऱ्याला त्याचे काय वाटते. मुकादम मधली विश्रांती देतो की रोज कापतो. ह्यांचे माप नाही. फोर्डाइस यांनी आपल्या कक्षात फेऱ्या, मिनिटे आणि औषधाच्या मात्रा रोजच्या रोज आलेखावर मांडून भिंतीवर लावल्या होत्या. घरातल्या दोन खोल्यांत आणि ओट्यावर घडणाऱ्या गोष्टींचा तसा आलेख, सहा महिन्यांनी एकदा नव्हे तर पहिली दोन-तीन वर्षे सतत, एखाद्या लहानशा गटापुरता का होईना, ठेवला गेला, तर १९७६ च्या ग्रंथाने अर्ध्यावर सोडलेला प्रश्न प्रथमच तपासता येईल. त्यासाठी संशोधकाला रुग्णाच्या जोडीने त्याच्या घराचीही संमती घ्यावी लागेल, आणि ही संमती मिळणे चिकित्सालयातील संमतीइतके सोपे असणार नाही.